अठ्ठेचाळीस आकडे

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे खटपट्या म्हणतात, आणि हे नाव त्याला कौतुकाने मिळालेलं नाही. सातवीत असताना त्याने एक चालू घड्याळ दुरुस्त केलं होतं. आता तो अडतीस वर्षांचा आहे, शाळेत विज्ञान शिकवतो, डोक्यावरचे निम्मे केस गेलेत, पण चांगली चालणारी वस्तू दिसली की त्याचे हात अजून शिवशिवतात. त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता तो हातात एक डबी आणि पेस्टची ट्यूब घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, माझ्या घरचा कॉम्प्युटर बंद पडलाय, पण त्याचा प्रोसेसर दणकट आहे, तो काढून आणलाय. तुझ्या मशीनला बसवतो. चार दिवसांचं काम एका दिवसात उरकेल."

तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "आधी चहा घे, मग उघड."

काम होतं बाबांच्या आवाजाचं. सोमवारी त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी एक उपाय सुचवला. ऑपरेशनच्या आधी बाबांनी सोळाशे वाक्यं कॉम्प्युटरवर वाचून ठेवायची. एक प्रोग्राम त्यातून बाबांचा आवाज बांधतो. नंतर बाबा जे टाइप करतील ते मशीन त्यांच्याच आवाजात बोलून दाखवेल. "आवाज बांधायचा" हा शब्द त्या बाईंचा. बाबांना तो फार आवडला होता.

बाबा चाळीस वर्षं बसस्थानकावर निवेदक होते. कुठली बस कुठल्या फलाटावर लागते, कुठली उशिरा येणार, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं त्यांच्या तोंडून शहराला कळायचं. चाळीस वर्षांत त्यांनी आवाज चढवला नाही, ना तिथे, ना घरी. मी परीक्षेत नापास झाले तेव्हाही त्यांनी ती बातमी आईला अशी सांगितली होती की जणू मी फक्त जरा उशिरा येणार आहे. आई गेली त्या दिवशीही त्यांनी सगळ्या नातेवाइकांना स्वतः फोन केले आणि प्रत्येकाला आधी बसायला सांगितलं.

तीन आठवडे ते मागच्या खोलीत दार लावून वाचत होते. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला जाड पांघरूण टांगलं होतं. दिवसाला ऐंशी वाक्यं, मग गरम पाणी, मग विश्रांती. गुरुवारी संध्याकाळी सोळाशे पूर्ण झाली. शुक्रवारी मी बांधणी सुरू केली, तर पडद्यावर आकडा आला: शिल्लक वेळ एकशे दहा तास. म्हणजे मंगळवारच्याही पुढे. बाबांनी तो आकडा वाचला आणि मान हलवली. तोपर्यंत त्यांच्या आवाजात चांगलीच खरखर आली होती. ते म्हणाले, "मला सोमवारच्या आत ऐकायचंय. तो मीच आहे की नाही, हे मला माझ्या तोंडाने सांगायचंय."

एवढीच मागणी होती. आयुष्यात त्यांनी आमच्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मशीन माझं. डॉक्टर लोक रोग्यांचे अहवाल बोलून पाठवतात, ते मी कानाला हेडफोन लावून टाइप करते. सहा वर्षांत त्या मशीनने मला कधी दगा दिला नव्हता. खटपट्याने चालू बांधणी थांबवून ते बंद केलं, बाजूचा पत्रा काढला, पंखा सोडवला, जुना प्रोसेसर उचलून शर्टाच्या खिशात टाकला, नवा बसवला, त्यावर तो थंड ठेवणारी पेस्ट लावली, पंखा परत आवळला. वीस मिनिटं लागली. तोंडाने शीळ चालू होती. मग त्याने बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

"येईल," तो म्हणाला.

आलं नाही. मग त्याने मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून परत लावल्या. मग एकच लावली. मग ती दुसऱ्या खाचेत लावली. पडद्याची केबल बदलली. बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढली, पाच मिनिटं थांबला, परत बसवली. दर वेळी पंखे फिरायचे, बोर्डाच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा लागायचा, आणि पडदा काळा. शीळ कधीच बंद झाली होती. अकरा वाजले.

माझ्या डोक्यात तिडीक जायला लागली होती. मी खुर्चीत बसून फोनवर त्या बोर्डाची माहिती शोधली. दोन मिनिटं लागली. तिथे दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की या जातीचा प्रोसेसर बसवण्याआधी बोर्डाचा आतला प्रोग्राम नवा करून घ्यावा, नाहीतर मशीन सुरू होणार नाही. मी ती ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवली. मग पुन्हा वाचून दाखवली.

"अगं, सगळंच कोण वाचत बसतं," तो म्हणाला.

"मी वाचते. बाबा वाचतात. या घरात तू एकटाच असा निघालास की ज्याला वाचायला कमीपणा वाटतो. आणि मुलांना काय शिकवतोस शाळेत? आधी हात घाला, मग पुस्तक उघडा?"

"जुना बसवतो परत. त्याच्यावर प्रोग्राम नवा करू, मग हा घालू. अर्ध्या तासाचं काम."

त्याने खिशातून जुना प्रोसेसर काढला. तो मशीनवर ओणवा होऊन काम करत होता ना, तर खिसा टेबलाच्या कडेवर दाबला गेला होता. प्रोसेसरच्या खालच्या बाजूला केसाएवढ्या बारीक पिना असतात, शेकडो. त्यातली एक अख्खी रांग आडवी झाली होती.

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. त्याच्या लहानपणापासूनची यादी काढली. घड्याळ काढलं, आईचं शिलाई मशीन काढलं, माझ्या लग्नात त्याने जोडलेली आणि ऐन वेळी बंद पडलेली दिव्यांची माळ काढली. तो खाली बघत पिना मोजत होता. तेवढ्यात बाबा दारात आले. गळ्याला पंचा गुंडाळलेला. त्यांनी उघड्या मशीनकडे बघितलं, आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि विचारलं, "झालं?"

"होतंय बाबा," मी म्हटलं. "तुम्ही बोलू नका, पडा जरा."

आम्ही मशीन चादरीत गुंडाळलं आणि रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर पोटं उघडलेली मशीनं. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाजात चढ नाही की उतार नाही. दारावर पाटी होती की शनिवारी दुपारी दोनला दुकान बंद, ते सोमवारी सकाळी दहाला उघडेल. सोमवारी दहाला बाबा ऑपरेशनच्या टेबलावर असणार होते. तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाईंनी खटपट्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "खिशात ठेवला?"

"हो."

"वरच्या?"

"हो."

"बरं."

त्यांनी भिंग लावलेला दिवा ओढला आणि शिसं काढलेल्या पेन्सिलीच्या पोकळ टोकाने एकेक पिन सरळ करायला घेतली. त्यात पाऊण तास गेला. जुना प्रोसेसर बसवला, पेन ड्राइव्ह लावला, बोर्डाचा प्रोग्राम नवा केला, मशीन बंद केलं, जुना काढला, तो खटपट्याच्या हातात न देता एका डबीत ठेवला, नवा बसवला. बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि विझला, आणि पडद्यावर अक्षरं आली. खटपट्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू हे सगळं त्यानेच केलं.

पण ती अक्षरं नेहमीची नव्हती. काळ्या पडद्यावर तीन-चार ओळी आणि शेवटी एक प्रश्न. बाईंनी चष्मा लावून वाचला.

"डिस्कला कुलूप आहे का?" त्यांनी विचारलं.

होतं. रोग्यांचे अहवाल माझ्या मशीनवर असतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी खटपट्यानेच अख्खी डिस्क कुलूपबंद करून दिली होती. नेहमी मशीन ते आपलं आपण उघडायचं, मला कधी जाणवायचंही नाही.

"त्या कुलपाची किल्ली जुन्या प्रोसेसरच्या हिशेबाने ठेवलेली आहे," बाई म्हणाल्या. "आता मशीन विचारतंय, किल्ली पुसून नव्याने सुरू करू का. वाय दाबलं तर पुसेल. मग डिस्क उघडायला अठ्ठेचाळीस आकडी नंबर लागेल, त्याशिवाय नाही उघडणार. एन दाबलं तर काही पुसणार नाही, पण मग जुना प्रोसेसर परत घालावा लागेल. नंबर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे," मी म्हटलं. "घरी आहे. छापलेला कागद, लाल फायलीत, शेवटच्या कप्प्यात."

"कागद आधी डोळ्याने बघा. मग दाबू."

दीड वाजला होता. घर वीस मिनिटांवर. जाऊन यायला चाळीस, कागद घ्यायला पाच.

"मी जाऊन येतो, ताई," खटपट्या म्हणाला. "धावत जातो. नाहीतर आज एन दाबूया. जुन्यावर चालू दे चार दिवस. बाबांना समजावू आपण."

आता हे लिहिताना सुद्धा माझ्या अंगाची आग होते. तो बरोबर बोलत होता. सकाळपासून पहिल्यांदा तो बरोबर बोलत होता आणि मी त्याच्यावर उखडले.

"तू गप्प बस. तुझ्यामुळे इथवर आलोय. बाबांना काय समजावणार तू? मी वस्तू जागच्या जागी ठेवते. दोन वर्षांपूर्वी ठेवलेला कागद आहे तिथेच असणार, कारण तो मी ठेवलाय, तू नाही."

"घरी फोन करून कुणाला बघायला सांगा ना," बाई म्हणाल्या.

"घरी वडील आहेत. त्यांना बोलायला बंदी आहे. आणि उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला. दाबा तुम्ही वाय."

बाईंनी कीबोर्ड उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "माझं बोट लागणार नाही याला," त्या म्हणाल्या. "ज्याचं कुलूप त्याने दाबायचं. इथली पद्धत आहे."

मी दाबलं. भावाच्या तोंडाकडे बघत, दात ओठ खात दाबलं. मशीन सुरू झालं आणि निळ्या पडद्यावर आठ रिकामे चौकोन आले, प्रत्येकात सहा आकडे भरायचे. मी मशीन बंद केलं, चादरीत गुंडाळलं आणि दोन वाजायच्या आत आम्ही बाहेर पडलो.

घरी येऊन मी चप्पलही काढली नाही. लाल फाईल बाबांच्या खोलीत, त्यांच्या वाचायच्या टेबलावर होती. मी उघडली. पहिला कप्पा रिकामा, मधला रिकामा, शेवटचा रिकामा. मी ती उलटी धरून झटकली.

आणि तेव्हा मला आठवलं की लाल फाईल बाबांच्या खोलीत का आहे. इस्पितळाच्या बाईंनी वाक्यांची ऐंशी पानं दिली होती, एकेका पानावर वीस. चांगली भक्कम फाईल म्हणून मीच ती पानं तिच्यात घातली आणि फाईल बाबांना दिली. शेवटच्या कप्प्यात काय आहे ते न बघता दिली.

"बाबा, यात एक आकड्यांचा कागद होता. शेवटी."

बाबा पलंगावर बसले होते. त्यांचा चेहरा उजळला. "होता की," ते खरखरत म्हणाले. "त्या बाई म्हणाल्या होत्या ना, शेवटी मनाचं काहीही वाचा, नावं, आकडे. मला वाटलं तो त्याचाच आहे. गुरुवारी सगळ्यात शेवटी वाचला. अठ्ठेचाळीस आकडे, सहा-सहाचे आठ गट. एकदाही अडखळलो नाही."

"आणि कागद?"

त्यांनी दोन्ही हातांनी हवेत एक फाडल्याची खूण केली.

बसस्थानकावर निवेदनाच्या चिठ्ठ्या यायच्या. चिठ्ठी वाचली की ताबडतोब फाडायची, हा तिथला नियम. नाही फाडली तर ती चुकून परत हातात येते आणि सुटून गेलेली बस पुन्हा फलाटावर लागते. चाळीस वर्षं हातांना ती सवय. तीन आठवडे मी रोज बघत होते, पान वाचून झालं की बाबा ते मधोमध फाडून टोपलीत टाकायचे. मला त्यात गंमत वाटायची. कचऱ्याची गाडी शुक्रवारी सकाळी येते. टोपली मीच नेऊन ओतली होती.

म्हणजे ज्या आकड्यांनी कुलूप उघडायचं, ते कुलपाच्या आत होते. बाबांच्या आवाजात, स्वच्छ, एकेक आकडा सुटा.

"आठवतात का?" खटपट्याने दारातून विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. "चार, एक, सात, शून्य, नऊ, दोन," ते म्हणाले. मग बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मग त्यांनी डोळे उघडले. "का? काय झालं?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज चढत गेला आणि तो बाबांवर नाही, खटपट्यावर चढत गेला. कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला. चार दिवस लागले असते तर लागले असते. तुझ्या हाताला जिथे तिथे खाज. तो इतका वेळ ऐकून घेत होता, पण शेवटी त्याचाही तोल गेला. "मी एन दाब म्हणालो होतो," तो म्हणाला. "मी धावत जाऊन कागद बघतो म्हणालो होतो. वाय तू दाबलंस. आणि पहिल्या दिवशी पेन ड्राइव्ह आणून दिला होता मी, दर शुक्रवारी कॉपी काढ म्हणून. किती शुक्रवार काढलीस?"

एकही नाही. इस्पितळाच्या बाईंनीही बजावलं होतं आणि मी हो हो म्हटलं होतं. पेन ड्राइव्ह अजून पुठ्ठ्यावरच चिकटलेला होता. चूक सापडली की मला आणखी राग येतो. हाताशी ती फाईल होती, ती मी त्याच्या अंगावर फेकली.

"पुरे."

आम्हाला दोघांनाही कळलं नाही की हे कोण बोललं. तो आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

बाबा उभे राहिले होते. "फाडला मी," ते म्हणाले. "तिने नाही, त्याने नाही, मी फाडला. वाचलेला कागद मी फाडतो, जगाला माहीत आहे, मग माझ्या फायलीत ठेवलास कशाला? आणि तू, खिशात घालतोस? तीन आठवडे बघतोय. दोघं कुजबुजत वावरताय. बाबा पडा, बाबा बोलू नका, होतंय बाबा. मेलोय का मी? मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की कागद गेला. एक फोन. एवढं बोलायला आवाज होता माझ्याकडे. माझ्या आवाजाचं चाललंय आणि मलाच कोणी विचारत नाही."

ते ओरडत होते. बाबा, माझे बाबा, भिंती हलतील असे ओरडत होते, आवाज फाटत होता, मध्ये शिट्टीसारखा निसटत होता, पण थांबत नव्हता. मग खोकल्याची उबळ आली आणि ते पलंगावर बसले. मला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर त्यांचाही राग आला. तीन आठवडे एकेक शब्द जपून ठेवला आणि आता असा उधळायचा.

खटपट्याने इस्पितळाच्या बाईंना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी दुसरा कॉम्प्युटर आहे का ते विचारलं. मग म्हणाल्या, "कमीत कमी पन्नास वाक्यं लागतात. सोळाशेंसारखा नाही होणार, पण आवाज बांधता येईल. आजच करा. उद्या दाखल झाले की तपासण्या, नळ्या, काही जमणार नाही. आणि त्यांना मुद्दाम गोड वाचायला लावू नका. जसा निघेल तसा निघू द्या."

खटपट्याने आपला लॅपटॉप आणला. त्या दिवसातलं एवढं एकच काम त्याने आधी सूचना वाचून केलं. बाईंनी पाठवलेली तीन पानं छापली. बाबांनी पाण्याचा घोट घेतला, माझ्या हातातून पान हिसकावून घेतलं आणि सुरू केलं.

"आज हवा छान आहे," ते म्हणाले, जणू हवा आम्हीच बिघडवली होती. "कृपया दार लावून घ्या." हे ऐकून खटपट्या खरंच उठला. "तुम्हाला भेटून आनंद झाला." असा आनंद मला कुणी समोरून दाखवला असता तर मी पळून गेले असते.

"बाबा, जरा मऊ," मी म्हटलं.

"मऊ सोळाशे वाचली. ती तू कुलपात घातलीस. आता हे घ्या."

पहिलं पान संपलं तेव्हा त्यांचे हात फाडायला गेले. मध्येच थांबले. त्यांनी ते पान अख्खं माझ्यापुढे आपटलं आणि दुसरं घेतलं. एक्केचाळिसाव्या वाक्याला आवाज बसला. दहा मिनिटं ते भिंतीकडे बघत बसले, आम्ही जमिनीकडे. मग त्यांनी उरलेली नऊ वाचली, प्रत्येक वाक्य जणू कुणाच्या तरी तोंडावर मारत. संध्याकाळचे सहा वाजले होते. पन्नास वाक्यांचा आवाज बांधायला लॅपटॉपला तीन तास पुरले.

रविवारी सकाळी इस्पितळाला निघायच्या आधी आम्ही तो त्यांना ऐकवला. खटपट्याने टाइप केलं, "ही बस फलाट क्रमांक चारवरून सुटेल." लॅपटॉप ते असं बोलला की प्रवाशांनी चढायच्या ऐवजी माफी मागितली असती. बाबांनी मान वाकडी करून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाले, "मीच आहे." आणि पिशवी उचलून चालायला लागले.

याला आता दीड महिना झाला. ऑपरेशन नीट पार पडलं. बाबांच्या गळ्यात एक पाटी असते, तिच्यावर ते टाइप करतात आणि ती बोलते. पाणी मागितलं की मी दचकून उठते. शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, बाबा हल्ली फार तापट झालेत का. इस्पितळाच्या बाईंनी दुसरा एक तयार आवाज ऐकवला, मऊ, सौम्य, बराचसा बाबांच्या जुन्या आवाजाकडे जाणारा. बाबांनी टाइप केलं, "नको." ते "नको" सगळ्या वॉर्डाने ऐकलं.

माझं मशीन कोपऱ्यात तसंच आहे. सुरू केलं की आठ रिकामे चौकोन येतात. पहिल्या चौकोनातले सहा आकडे मला येतात. डिस्क पुसून कामाला लाव म्हणून खटपट्या दोनदा सांगून गेला. मी त्याला हात लावू दिला नाही. माझा राग गेलेला नाही. तो कुणावर आहे ते मला ठाऊक आहे, म्हणूनच जात नाही.

काल दुपारी मी भाड्याच्या लॅपटॉपवर अहवाल टाइप करत होते. बाबा येऊन समोरच्या खुर्चीत बसले. पाटी मांडीवर घेऊन बराच वेळ एका बोटाने टाइप करत राहिले. मी हेडफोन काढला. त्यांनी बटण दाबलं.

"चूक माझी होती," पाटी गरजली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू माझ्यासाठी खूप केलंस."

खोलीतली खिडकी बंद होती, तरी रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने वळून बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते, चेहरा अगदी शांत, चौकशीच्या खिडकीपाशी रडणाऱ्या मुलाकडे बघायचे तसा.

"मग ओरडताय कशाला?" मी म्हटलं.

ते हसले. तोंड उघडलं, डोळे मिटले, खांदे गदगदा हलले, पाटी मांडीवरून घसरून खाली पडली. मी खुर्चीच्या कडेवर येऊन कान देऊन बसले होते. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.